घर एकट्याने, की वस्ती सर्वांनी?

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर तिवसा हे तालुक्याचे गाव आहे. येथे नगरपंचायत झाली आणि वऱ्हाडातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावाचे जे होते तेच तिवस्याचेही होत आहे. रस्त्यालगतची शेती मोडून ले-आउट पडत आहेत. काल जिथे कपाशी आणि तूर उभी होती तिथे आज पांढरे रंगवलेले दगड रोवलेले दिसतात, मुरमाचा रस्ता दिसतो आणि प्लॉट विक्रीचा बोर्ड दिसतो. मोर्शीला जा, दर्यापूरला जा, मूर्तिजापूरला जा, चित्र हेच आहे. प्रश्न एवढाच की, या नव्या नकाशात आंबेडकरी माणूस कुठे आहे?

उत्तर कटू आहे. नोकरीत असलेला आपला एखादा शिक्षक, ग्रामसेवक किंवा पोलीस कर्मचारी त्या ले-आउटमध्ये एखादा कोपऱ्यातला प्लॉट घेतो. बाकीचा समाज, म्हणजे शेतमजूर, गवंडी, हमाल, ऑटोवाला, नांदगाव पेठच्या एमआयडीसीत जाणारा कंत्राटी कामगार, हा जिथे त्याचा आजोबा राहत होता तिथेच राहतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्हच होता. महारवाड्याचे भीमनगर आपण त्याच्या कितीतरी आधी, शासनाची वाट न पाहता केले होते. पण नाव बदलले म्हणून जागा बदलली का? नाली तिथेच संपते, रस्ता तिथेच संपतो आणि गाव वाढते ते दुसऱ्याच दिशेला वाढते.

घराच्या प्रश्नावर आपला समाज आजवर दोनच वाटांनी चालला आहे. पहिली वाट घरकुलाची. प्रधानमंत्री आवास योजनेतून ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात, नगरपंचायतीच्या हद्दीत केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाखांपर्यंत मदत मिळते. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी २००८ पासून रमाई आवास योजना आहे. या योजनांनी कुडाच्या भिंती जाऊन विटांच्या भिंती आल्या हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु बहुतेक ठिकाणी पहिली अट असते ती जागेची. जागा नावावर असेल तर घरकुल! ज्याची जागा नावावर नाही, ज्याचे चार भाऊ एकाच बापाच्या दोन खोल्यांत राहतात, त्याने काय करावे? आणि ज्याला घरकुल मिळते, त्याला ते जुन्याच जागेवर मिळते. म्हणजे घर पक्के होते आणि गावकुसाबाहेरची जागाही पक्की होते.

दुसरी वाट एकट्याने प्लॉट घेण्याची. इथे आपला माणूस दोनदा मार खातो. एकदा पैशाने आणि एकदा आडनावाने. ज्याच्याकडे पूर्ण रक्कम नसते तो स्वस्तातला तुकडा शोधतो. कुणीतरी शेताचा एक-दोन गुंठ्यांचा तुकडा साध्या स्टॅम्प पेपरवर लिहून देतो. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे असे तुकडे सातबाऱ्यावर चढवताना वर्षानुवर्षे अडचणी आल्या आणि शासनाला वेळोवेळी ते नियमित करण्याचे निर्णय घ्यावे लागले. तोपर्यंत घेणारा हवेतच लटकत राहतो. कर्ज नाही, बांधकाम परवानगी नाही, नळ नाही. आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याला आधी प्रश्न येतो, “तुमचं आडनाव काय?” आडनावावरून समजले नाही तर दुसरा प्रश्न येतो, “मंजे तुमी कोण?” मग प्लॉट अचानक विकला गेलेला असतो.

हे कुणाच्या मनाचे खेळ नाहीत. आपल्याच अमरावती जिल्ह्यात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांचा अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच प्रकारचे घर मागायला उच्चवर्णीय, दलित आणि मुस्लिम नावाचे लोक गेले, तेव्हा पहिल्याला दार उघडले आणि उरलेल्या दोघांच्या वाट्याला नकार किंवा जाचक अटी जास्त आल्या. राजधानीत ही गत, तर तालुक्याच्या गावाची काय कथा!

म्हणूनच तिसऱ्या वाटेचा विचार करण्याची वेळ आली आहे. ती वाट म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्था. पाच-पंचवीस कुटुंबांनी एकत्र यावे, संस्था नोंदवावी, संस्थेच्या नावाने जमीन घ्यावी, तिचा ले-आउट रीतसर मंजूर करून घ्यावा आणि आपली वसाहत आपण उभी करावी. सहकार म्हटले की वऱ्हाडातल्या माणसाला सूतगिरणी, जिनिंग-प्रेसिंग आणि जिल्हा बँक आठवते आणि त्याबरोबर बुडालेल्या ठेवीही आठवतात. त्यामुळे ‘सहकार’ या शब्दावरच आपला विश्वास राहिलेला नाही. पण दोष सहकाराचा की सहकार ताब्यात घेणाऱ्यांचा, याचा निवाडा करायला हवा.

बाबासाहेबांनी सहकाराकडे पाठ फिरवली नव्हती. १९३६ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात भूतारण बँकांबरोबर शेतकऱ्यांच्या उत्पादक सहकारी संस्था आणि खरेदी-विक्री संस्था यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेने अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी केली. १९४७ मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी त्यासाठी वसाहत आयोगाची योजना मांडली आणि शेती शासनाच्या मालकीची, पण गावकऱ्यांनी मिळून कसायची असावी असे सुचवले. त्यामागचा विचार साधा होता. जो माणूस घराच्या जागेसाठी, पाण्यासाठी आणि रोजीसाठी गावाच्या मर्जीवर जगतो त्याचा मतदानाचा हक्कही गावाच्या मर्जीवर चालतो. स्वाभिमान हवा असेल तर पायाखालची जमीन आपली हवी.

घर नाकारले जाणे म्हणजे काय हे बाबासाहेबांनी स्वतः भोगले होते. १९१७ मध्ये परदेशातून उच्च शिक्षण घेऊन ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून त्यांना राहावे लागले. काही दिवसांत लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. ज्याला संस्थानाने मोठा अधिकारी म्हणून बोलावले, त्याला त्या शहरात एक खोली मिळू शकली नाही आणि त्याला शहर सोडावे लागले.

आता याला समांतर दुसरी गोष्ट पाहा. बडोद्याच्या घटनेच्या दोनच वर्षे आधी, १९१५ मध्ये, मुंबईच्या गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. देशातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून तिचे नाव घेतले जाते. एका ज्ञातीच्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी एकत्र येऊन भाड्याच्या जाचातून सुटका करून घेतली आणि सहकाराचा लाभ शंभर वर्षांपूर्वी पदरात पाडून घेतला. त्याच काळात बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत दोन खोल्यांत संसार करीत होते. सहकाराचे फायदे कुणाला आधी कळले आणि कुणापर्यंत ते पोहोचलेच नाहीत, हे यावरून ध्यानात येईल.

पण याच इतिहासात सहकाराचा एक रोगही दडलेला आहे. सहकाराचे पहिले तत्त्व खुले सभासदत्व हे आहे. इंग्लंडमधील रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये सहकारी दुकान काढले तेव्हापासून हे तत्त्व चालत आले आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ मध्येही ते घातले गेले. असे असताना आपल्या देशात सहकारी सोसायटी म्हणजे जातीचे नवे गावकूस बनले. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००५ मध्ये निकाल दिला की, एका समाजापुरते सभासदत्व मर्यादित ठेवणारा पोटनियम वैध आहे. संघटना स्थापन करण्याच्या स्वातंत्र्याचा त्यासाठी आधार घेतला गेला. पारशी हा अल्पसंख्य समाज आहे, त्याची चिंता आपण समजू शकतो. पण जो नियम एका छोट्या समाजाच्या रक्षणासाठी मान्य झाला, तोच नियम बळकट जातींच्या हाती गेला तर काय होईल? कागदावर अस्पृश्यता अनुच्छेद १७ ने गाडलेली आणि सोसायटीच्या फाटकावर ती पोटनियमाच्या रूपाने उभी! या निकालाचा फेरविचार व्हावा, निदान राज्याने आपल्या कायद्यात जातीच्या आधारावर सभासदत्व नाकारण्यास स्पष्ट मनाई करावी, ही मागणी आंबेडकरी चळवळीने लावून धरली पाहिजे.

मागणी करून थांबायचे मात्र नाही. मुंबई राज्यात १९४९ पासून मागासवर्गीयांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना जमीन आणि अर्थसाहाय्य देण्याची योजना सुरू झाली. सरकारी कागदांत ती ‘पीडब्ल्यूआर २१९’ या नावाने ओळखली जाते. आपला वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होता. १९५६ मध्ये आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. या योजनेतून मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत मागासवर्गीयांच्या संस्था उभ्या राहिल्या, हजारो कुटुंबांना हक्काचे छप्पर मिळाले. तिवस्यासारख्या गावात मात्र अशी काही योजना होती हे सांगणाराही कुणी भेटत नाही. हक्क माहीत नसणे हीदेखील एक प्रकारची गुलामगिरीच आहे.

गरीब माणसे सहकाराने घर बांधू शकत नाहीत असे कुणी म्हणत असेल तर त्याने सोलापूरला जाऊन यावे. तिथल्या विडी कामगार महिलांनी कॉ. गोदावरी परुळेकर यांच्या नावाने सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. कॉ. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे मोर्चे, धरणी आणि पाठपुरावा चालला. केंद्र, राज्य आणि स्वतः कामगार यांनी खर्चाचा वाटा उचलला आणि कुंभारी येथे १० हजार घरांची वसाहत उभी राहिली. सप्टेंबर २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती कामगारांच्या स्वाधीन झाली. पुढे तिथेच असंघटित कामगारांसाठी ‘रे नगर’ ही ३० हजार घरांची योजना हाती घेण्यात आली. त्यातील पहिल्या १५ हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आला. दिल्लीत पक्ष कुठलाही असो, संघटित मागणीपुढे त्याला यावे लागते, हे सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बायांनी सिद्ध केले. आपल्या शेतमजूर महिलांना हे का जमू नये?

दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे या छोट्या देशात तर कामगारांनी श्रमालाच भांडवल केले. तिथल्या १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याने परस्पर मदतीच्या सहकारी संस्थांना शासकीय कर्जाचा मार्ग मोकळा केला. प्रत्येक कुटुंब आठवड्याला ठराविक तास बांधकामावर राबते आणि ते श्रम त्याचा हिस्सा म्हणून धरले जातात. आता आपल्या वस्तीकडे पाहा. गावातल्या बड्यांचे बंगले कोण बांधतो? गवंडी आपला, सेंट्रिंगवाला आपला, फरशी बसवणारा आपला, विटा-रेती वाहणारी माय-बहीण आपली. दुसऱ्याचे घर बांधणारे हे हात आपली वसाहत बांधू शकणार नाहीत काय?

सहकारी वसाहतीचे फायदे सरळ हिशोबाने समजून घेऊ. पहिला फायदा जमिनीचा. किरकोळीत प्लॉट घेणाऱ्याला दलालाचा आणि ले-आउटवाल्याचा नफा भरावा लागतो. पंचवीस कुटुंबे मिळून जमीन घेतील तर तो नफा त्यांच्याच रस्त्यात, नालीत आणि पाण्याच्या टाकीत जाईल.

दुसरा फायदा कायद्याचा. संस्थेचा ले-आउट मंजूर असला की रस्ते नकाशावर येतात. एक एकराच्या आसपास किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये साधारण १० टक्के जागा खुली सोडावी लागते. ज्या समाजाच्या मुलांना खेळायला रस्त्याशिवाय जागा नाही, त्यांना मैदान मिळेल. अभ्यासिका आणि वाचनालय कुठे करावे हा प्रश्न आतापासूनच सोडवता येईल.

तिसरा फायदा आवाजाचा. एकटा माणूस नगरपंचायतीत नळासाठी अर्ज करतो तेव्हा त्याचा अर्ज टेबलाखाली जातो. नोंदणीकृत संस्थेच्या लेटरहेडवर, पंचवीस सभासदांच्या ठरावाने तोच अर्ज गेला तर त्याला आवक क्रमांक पडतो आणि उत्तर द्यावे लागते. संस्थेत शेअर्स कितीही असोत, एका सभासदाला एकच मत आहे. बाबासाहेबांनी संविधानात दिलेले ‘एक व्यक्ती, एक मत’ हे तत्त्व मोहल्ल्याच्या पातळीवर राबवण्याची ही शाळाच आहे.

चौथा फायदा सुरक्षिततेचा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्या गावात बौद्धांची घरे बोटांवर मोजण्याइतकी होती. जमिनीच्या वादात ते कुटुंब एकटे पडले आणि त्यांच्या हाकेला धावून येणारा शेजार नव्हता. कायदा हवाच, अॅट्रॉसिटी कायद्याची कडक अंमलबजावणी हवीच. पण कायदा गुन्हा घडल्यावर येतो आणि शेजारी गुन्हा घडण्याआधी येतो.

पाचवा फायदा महिलांचा. घर नवऱ्याच्या नावावर, प्लॉट सासऱ्याच्या नावावर आणि राबणे मात्र बाईच्या नावावर, ही आपल्याही घरांतली रीत आहे. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांना ती शोभत नाही. सहकारी संस्थेत पती-पत्नींचे संयुक्त सभासदत्व सुरुवातीपासून लिहून घेता येते. गावोगावच्या महिला बचत गटांनी दरमहा थोडे थोडे जमवून हिशोब ठेवायची सवय लावलीच आहे. गृहनिर्माण संस्थेचा पाया तोच ठरू शकतो.

आता धोके. ते लपवून उपयोग नाही. कितीतरी संस्थांत मुख्य प्रवर्तकानेच जमीन आपल्या नावावर घेतली, सभासदांचे पैसे बिनपावतीने जमा झाले आणि शेवटी लोक कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसले. मागासवर्गीयांच्या म्हणून मिळालेल्या जमिनींवर कागदोपत्री सभासद एक आणि राहणारे दुसरेच, असेही प्रकार झाले. आणि आपला स्वतःचा आजार तर सर्वांना ठाऊक आहे. एका विहाराच्या दोन समित्या, एका जयंतीच्या तीन मिरवणुका! जो समाज वर्गणीचा हिशोब जाहीर करीत नाही, त्याच्या हाती पंचवीस घरांच्या जमिनीचा व्यवहार कसा द्यावा, असे कुणी विचारले तर रागावू नये. उत्तर द्यावे. पैसा फक्त बँकेतूनच घ्यावा, प्रत्येकाला पावती द्यावी, जमीन संस्थेच्याच नावाने खरेदी करावी, दरवर्षी सर्वसाधारण सभा आणि लेखापरीक्षण चुकवू नये, हिशोब वस्तीच्या फलकावर लावावा. पुढारी बदलला तरी संस्था चालली पाहिजे.

आणखी एक प्रश्न नाजूक आहे. ही वसाहत फक्त आपल्यांचीच असावी काय? ज्यांना शतकानुशतके बाहेर ठेवले त्यांनी एकत्र राहण्याची गरज खरी आहे, १९४२ ची मागणी त्यातूनच आली. पण दुसऱ्यांच्या बंद फाटकांवर टीका करणाऱ्यांनी आपलेही फाटक बंद केले तर आपला नैतिक अधिकार उरत नाही. मागासवर्गीयांच्या संस्थांत बहुसंख्य सभासद मागासवर्गीय आणि काही सभासद इतर समाजांचे घेण्याची पद्धत होती, त्यात शहाणपण होते. आपल्या वसाहतीत मातंग, चर्मकार, भटके, आदिवासी, ओबीसी आणि मुस्लिम कुटुंबांनाही जागा असावी. अट एकच, संविधान मानणारा आणि हिशोब मानणारा माणूस हवा. बाबासाहेबांच्या नावाने उभी राहिलेली वसाहत ‘ही कुणाची वस्ती?’ या प्रश्नाला ‘इथे राहणाऱ्यांची’ असे उत्तर देईल तेव्हाच ती खऱ्या अर्थाने आंबेडकरी ठरेल.

शेवटी एक शब्द नोकरदार बांधवांसाठी. मार्च १९५६ मध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दलची आपली व्यथा बोलून दाखवली होती. आपण ती दर १४ एप्रिलला भाषणात ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. अमरावतीला किंवा नागपूरला फ्लॅट घेऊन आडनाव झाकून राहण्यापेक्षा आपल्या तालुक्याच्या गावात अशा एका संस्थेचे प्रवर्तक व्हा. तुम्हाला अर्ज लिहिता येतो, पोटनियम वाचता येतात, कार्यालयात साहेबाशी डोळ्याला डोळा लावून बोलता येते. शेतमजूर बांधवाकडे हात आहेत, महिला बचत गटाकडे बचतीची शिस्त आहे, तुमच्याकडे कागदाची ताकद आहे. या तिन्ही गोष्टी एका टेबलावर आल्या तर काम सुरू होते.

तिवस्यातच नव्हे, प्रत्येक तालुक्यात सहकारी संस्थांचे सहायक निबंधक कार्यालय असते. तिथे जाऊन आदर्श पोटनियमांची प्रत मागावी, समाजकल्याण कार्यालयात मागासवर्गीय गृहनिर्माण संस्थांच्या योजनेची आजची स्थिती लेखी विचारावी, तहसील कार्यालयात जवळच्या शासकीय जमिनीची माहिती माहिती अधिकारात घ्यावी. तीन अर्ज आणि पंचवीस सह्या, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, तेव्हा आपल्या माणसांनी जमिनीसाठी तुरुंग भरले होते. आज तुरुंगात जाण्याची गरज नाही, निबंधकाच्या कार्यालयात जाण्याची आहे. महामार्गालगतचे दगड रोज पुढे सरकत आहेत. सगळी जमीन वाटली गेल्यावर जागे होऊन उपयोग नाही. येणाऱ्या जयंतीच्या वर्गणीबरोबर एक वेगळी वहीही काढा आणि तिच्यावर लिहा, आपल्या वसाहतीसाठी.

जयभीम!